आपला तळ तो बाब्या

भारताच्या भूमीवर परक्या देशाचा लष्करी तळ असू नये, याबाबत आमच्या जळगावच्या पिंप्राळ्यात मतभेद नाहीत. नळाला पाणी किती दिवसांआड यावं यावर आहेत, गटारीचा उतार कोणाच्या दारात संपावा यावर आहेत, आषाढी एकादशीला रथापुढे नारळ कोणी फोडावा हे तर विचारूच नका. परकीय तळावर मात्र एकमत. कमळ, पंजा, घड्याळ, मशाल, धनुष्यबाण, सगळे एका रांगेत. जिथे घंटागाडीच्या वेळेवर दोन माणसं सहमत होत नाहीत, तिथे एवढं देदीप्यमान मतैक्य दिसलं की माझ्या मनात पाल चुकचुकते. ज्या मतापायी कोणाचा रुपया जात नाही, शेजारी तुटत नाही, उन्हात तासभर उभं राहावं लागत नाही, त्याला मत म्हणायचं की ढेकर?

आमच्या चौकात एक सेवानिवृत्त गृहस्थ आहेत. नाव सांगत नाही. हयात हिशेबाच्या वह्यांत गेली, गणवेश फक्त शाळेत घातला; पण संरक्षण या विषयावर त्यांचा अधिकार इतका निर्विवाद, की आम्ही त्यांना सेनापती म्हणतो. त्यांना ते आवडतं. सेनापतींचा सिद्धान्त सुटसुटीत आहे: एक इंच जमीन देणार नाही.

"मागितली कोणी, नाना?"

"तुले काय समजतं भो! अमेरिका मागतेच. तिची नजरच तशी."

ठीक. मग दुसरा चहा येतो आणि हेच सेनापती मोबाईल माझ्या नाकासमोर धरतात. हिंदी महासागराचा नकाशा, त्यावर ठिकठिकाणी तिरंगे खोचलेले. "हे पाहा. अगालेगा. आपला तळ. चीनची मानगूट आता आपल्या हातात!"

मी विचारतो, ती जमीन कोणाची? सेनापती माझ्याकडे असं बघतात, जणू मी लग्नात नवरदेवाचा पगार विचारला.

तर थोडा तपशील पाहू. सेनापती तपशिलाला शत्रुपक्ष मानतात, पण तुम्ही-मी आपसात बोलतोय. अगालेगा म्हणजे मॉरिशसची दोन चिमुकली बेटं, मुख्य बेटापासून सुमारे ११०० किलोमीटर उत्तरेला. वस्ती ३०० च्या आसपास. २०१५ मध्ये भारत आणि मॉरिशस यांच्यात समझोता झाला, मुंबईच्या ॲफकॉन्स कंपनीने बांधकाम केलं, आणि २९ फेब्रुवारी २०२४ रोजी दोन्ही पंतप्रधानांनी पडद्यावरून उद्घाटन केलं. काय बांधलं? एक जेट्टी आणि सुमारे ३ किलोमीटर लांबीची धावपट्टी. तीनशे माणसांना तीन किलोमीटर. माणशी दहा मीटर! आमच्या जळगाव शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या घरात, आणि विमानतळाची धावपट्टी त्याहून कितीतरी आखूड. विकास कुठे जाऊन बसतो पाहा.

आणि हा तळ नाही बरं का. मॉरिशसचे तेव्हाचे पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ हे पुन्हा पुन्हा सांगत होते. दिल्लीनेही कधी तळ म्हटलं नाही. सागरी सुरक्षा, दळणवळण, बेटवासीयांचं कल्याण, असं सगळं सात्त्विक. मी हा खुलासा सेनापतींना वाचून दाखवला. ते मिशीत हसले. म्हणाले, "असं सांगायचंच असतं."

हे वाक्य जपून ठेवा. पुढे लागणार आहे.

मॉरिशसमध्ये आपली माणसंही आहेत. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजुरीला नेलेल्या कोकणी घरांचे वंशज. तिथे गणपती बसतो, शाळांतून मराठी शिकवली जाते. एवढ्या भांडवलावर सेनापतींनी मॉरिशसला जळगाव जिल्ह्याचा सोळावा तालुका करून टाकलंय. पण अगालेगाच्या लोकांना चिंता वाटली ती चीनची नव्हे. त्यांना आठवलं दिएगो गार्सिया. मॉरिशसला स्वातंत्र्य द्यायच्या आधी ब्रिटनने चागोस बेटं कापून बाजूला ठेवली, १९६६ मध्ये अमेरिकेशी करार केला आणि १९७३ पर्यंत दीड-दोन हजार चागोसवासीयांना उचलून मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यांवर आणून टाकलं. त्यांच्या घरांच्या जागी आज अमेरिकी बाँबफेकी विमानं उभी असतात. या अन्यायाविरुद्ध भारत मॉरिशसच्या बाजूने उभा राहिला, आंतरराष्ट्रीय न्यायालयातसुद्धा. उत्तम केलं. २०१९ मध्ये न्यायालयाचं मत ब्रिटनच्या विरोधात गेलं. मे २०२५ मध्ये करार झाला: बेटं मॉरिशसची, तळ मात्र आणखी ९९ वर्षं जागेवर, आणि त्यापोटी ब्रिटनने वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड भाडं मोजायचं. साम्राज्य गेलं, भाडेपावती राहिली.

म्हणजे एकाच महासागरात, एकाच देशाच्या दोन बेटांवर आमची दोन मतं. दिएगो गार्सियावर गोऱ्यांचं विमान उतरलं तर तो वसाहतवाद. अगालेगावर आमचं उतरलं तर तो ऋणानुबंध. मी म्हणत नाही की दोन्ही सारखेच. अगालेगातून आपण कोणाला हुसकावलेलं नाही, आणि यजमान सरकारने होकार दिलेला आहे. पण यजमान सरकारचा होकार हा एवढाच निकष असेल, तर जगातला बहुतेक प्रत्येक तळ पवित्र ठरतो. जिबूतीत चीनचा आहे तोसुद्धा. तिथल्या सरकारने अमेरिका, फ्रान्स, जपान, इटली आणि चीन या सगळ्यांना जागा दिली आहे. चाळीत खोल्या द्याव्यात तितक्या निर्विकारपणे. त्यातली चीनची तेवढी सेनापतींना खुपते.

मालदीव आठवा. तिथे भारताचे ऐंशीच्या आसपास जवान होते. दोन हेलिकॉप्टरं आणि एक डॉर्नियर विमान सांभाळायला. रुग्णांना बेटांवरून माले शहरात आणायचं काम मुख्यतः. कोणी म्हणेल, किती साधी गोष्ट! पण मोहम्मद मुइझ्झू यांनी २०२३ ची निवडणूक परकी सैनिक परत पाठवण्याच्या मुद्द्यावर लढवली आणि जिंकली. १० मे २०२४ पर्यंत आपले जवान परतले, त्यांच्या जागी साध्या कपड्यातले तंत्रज्ञ गेले. मतदारांनी मत दिलं, सरकारने अंमलात आणलं. लोकशाही म्हणतात ती हीच ना?

पिंप्राळ्यात तिला कृतघ्नपणा म्हणतात. त्या जानेवारीत, मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी आपल्या पंतप्रधानांबद्दल अभद्र लिहिल्यावर तर देशभक्तीला उधाण आलं. शेगावच्या पलीकडे ज्यांनी सहल काढली नाही, त्यांनीही मालदीवचं बुकिंग रद्द केलं! न केलेलं बुकिंग रद्द करणं हा राष्ट्रवादाचा सर्वांत स्वस्त प्रकार. दंडही लागत नाही. मी एवढंच म्हणालो की नाना, 'एक इंच देणार नाही' हे त्यांनीही म्हटलं तर बिघडलं कुठे? सेनापती म्हणाले, त्यांची लोकसंख्या किती, आपली किती. अच्छा. म्हणजे स्वाभिमान डोक्यांच्या प्रमाणात वाटायचा. मग चीनपुढे आपण थोडं... नको, जाऊ द्या. सेनापतींना रक्तदाब आहे.

सेशेल्समध्येही तेच झालं. अझम्प्शन बेटावर भारताने सुविधा उभारायचा करार जानेवारी २०१८ मध्ये झाला, लोक रस्त्यावर आले, विरोधकांच्या हातातल्या संसदेने मान्यता द्यायची नाही असं ठरवलं, करार बारगळला. एवढ्याशा देशाची संसद, आणि तिला विचारावं लागतं!

सेनापतींच्या समोरच्या बाकावर कॉम्रेड बसतात. त्यांना वगळलं तर ते रुसतील. कॉम्रेडना जगातले सगळे अमेरिकी तळ पाठ आहेत. सुबिक, ओकिनावा, रामस्टाइन, ग्वांटानामो, पोथीतल्या नामावळीसारखे म्हणून दाखवतात. २००७ मध्ये निमिट्झ ही अमेरिकी विमानवाहू नौका चेन्नईला आली तेव्हाच्या निषेधाची आठवण निघाली की त्यांचे डोळे आजही लकाकतात. एकदा विचारलं, कॉम्रेड, रशियाशी एकमेकांच्या सैन्याला रसद पुरवायचा करार फेब्रुवारी २०२५ मध्ये झालाय, त्यावर कधी मोर्चा? कॉम्रेड म्हणाले, "रशियाचा प्रश्न ऐतिहासिक संदर्भात बघावा लागेल." बघू की! ऐतिहासिक संदर्भच बघू. खानदेशाइतका तो कोणापाशी आहे?

तळ म्हणजे काय हे या मातीला वेगळं शिकवावं लागू नये. शाळेत आपण सगळ्यांनी चार मार्कांना 'तैनाती फौज' पाठ केली आणि परीक्षेनंतर बाकावरच विसरलो. ३१ डिसेंबर १८०२, वसई. यशवंतराव होळकराने पुण्याच्या वेशीवर धूळ चारल्यावर पळालेले दुसरे बाजीराव इंग्रजांशी तह करतात. कलमं काय? इंग्रजांचं किमान ६००० पायदळ, तोफखान्यासकट, पेशव्यांच्या मुलखात कायमचं राहील. त्याच्या खर्चासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख पेशव्यांनी तोडून द्यायचा. इतर सत्तांशी बोलणं करायचं तर इंग्रजांना विचारून. फौज त्यांची, जागा आपली, पगार आपण द्यायचा, आणि आपला शत्रू कोण ते तेच ठरवणार! एवढा एकतर्फी व्यवहार आमच्या केळीच्या व्यापाऱ्यांनासुद्धा आजवर जमलेला नाही.

आणि बाजीरावांच्या कपाळाला कोणी पिस्तूल लावलं नव्हतं. भीती होती ती भाऊबंदांची. घरातल्या भांडणाला बाहेरचा पहारेकरी आणला. पुढच्या मे महिन्यात आर्थर वेलस्लीच्या संगिनींच्या सावलीत पेशवे पुन्हा गादीवर बसले, तेव्हा पुण्यात आनंदच झाला असणार; सुरक्षा वाढली ना! पंधरा वर्षांनी, ३ जून १८१८ ला, हेच बाजीराव जॉन माल्कमपुढे शरण गेले ते कुठे? असीरगडाजवळ. आपल्या रावेरच्या पुढे बऱ्हाणपूर, त्याच्या पुढे. सालीना आठ लाखांची नेमणूक घेऊन स्वारी बिठूरला रवाना झाली. मराठी राज्याचा शेवटचा हिशेब खानदेशाच्या उंबऱ्यावर झाला आणि आम्ही तिथून एस्टीने जातो तेव्हा खिडकीची जागा मिळाली की नाही एवढंच बघतो.

शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरची गोष्ट तर सेनापतींना मी तीनदा सांगितली. तिन्ही वेळा त्यांना तातडीचा फोन आला. ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरच्या तहात होळकरांनी खानदेशातला आपला मुलूख इंग्रजांना देऊन टाकला. वर सही झाली. फेब्रुवारीच्या अखेरीस जनरल हिस्लॉप थाळनेरच्या किल्ल्यापुढे येऊन उभा राहिला, तर किल्ल्यावरून गोळी आली. दरवाजात झटापट झाली, काही इंग्रज अधिकारी पडले. हिस्लॉपच्या सैन्याने आतली शिबंदी कापून काढली आणि किल्लेदार तुळशीराम मामाला फासावर लटकवलं. गुन्हा? दगाबाजी. आपल्याच किल्ल्यात उभं राहून, आलेल्या परक्या फौजेवर हत्यार चालवलं, ही दगाबाजी! कारण कागदावर सही झाली होती. कोणी केली, कोणाला विचारून केली, किल्लेदाराला ती कितपत समजली होती, असले बारीकसारीक प्रश्न फासाच्या दोराला पडत नाहीत.

आता तुमच्या-माझ्यात एक अडचणीची गोष्ट. ती कापली गेलेली शिबंदी बहुतेक अरबांची होती. भाडोत्री. मालेगावच्या किल्ल्यातून त्याच उन्हाळ्यात इंग्रजांशी झुंजले तेही अरबच. म्हणजे परकी फौज यायच्या आधी आमच्याकडे होती ती दुसरी परकी फौज! शुद्ध देशी संरक्षणाची परंपरा शोधत सेनापती मागे मागे जाऊ लागले तर कुठे जाऊन थांबतील, मला खरंच बघायचंय.

इंग्रजांनी नंतर काटकसर केली. १८२५ पासून जेम्स औट्रमने धरणगावला खानदेश भिल्ल कोअर उभी केली: भिल्लांची बंडं मोडायला भिल्लांचीच पलटण. बाहेरून शिपाई आणायचा खर्च वाचला.

आणि मलकापूर ओलांडून वऱ्हाडात या. निजामाच्या मुलखात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक पलटण होती. पोसायची निजामाने, हुकूम इंग्रजांचा. पगार थकला, थकबाकी फुगली, आणि १८५३ मध्ये त्या बाकीपोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. कापसाचा तो सोन्यासारखा मुलूख लढाईत गेला नाही हो. उधारीत गेला! १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाखांवर तो कायमच्या भाडेपट्ट्याने घेऊन टाकला. अंगणात उतरलेल्या फौजेच्या जेवणाचं बिल कसं वाढत जातं, यावर प्रबंध लिहायचा तर ऑक्सफर्डला जायला नको. अकोला पॅसेंजर पुरते.

"ते सगळं गुलामगिरीतलं," सेनापती म्हणतात. "स्वतंत्र भारताने कधी कोणाला पाय ठेवू दिला नाही."

ऐका तर. १९ नोव्हेंबर १९६२. चीनची फौज आसामच्या तोंडाशी. अलिप्ततावादाचे जगद्गुरू पंडित नेहरू यांनी केनेडींना पत्र लिहून मागणी केली: स्वनातीत लढाऊ विमानांच्या किमान १२ तुकड्या, आणि आमची माणसं तयार होईपर्यंत विमानं आणि रडार चालवायला अमेरिकी सैनिक, भारतीय शहरांच्या रक्षणाला. दोन दिवसांनी चीननेच युद्धविराम पुकारला म्हणून, नाहीतर सेनापतींनी बालपणी आभाळात काय पाहिलं असतं सांगता येत नाही. त्याच २१ तारखेला यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपण छाती फुगवून सांगतो आणि सांगावंच. हिमालयाने दोनच दिवस आधी रॉकी पर्वतालाही हाक मारून ठेवली होती, हे सांगायचं राहून जातं.

बरं, ती विमानं आली नाहीत. पण ओडिशात कटकजवळच्या चारबातिया धावपट्टीचं काय? अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेची यू-२ हेरविमानं तिथून १९६४ मध्ये तिबेट आणि चीनच्या सरहद्दीवर उडाली. भारत सरकारच्या परवानगीने. कोणाला कळलं? जनतेला नाही. आणि नंतर कळलं ते कोणाकडून? अमेरिकेकडून! २०१३ मध्ये त्यांच्याच संस्थेचा अंतर्गत इतिहास खुला झाला तेव्हा. आमच्या जमिनीवर काय चाललं होतं ते आम्हाला पन्नासेक वर्षांनी वॉशिंग्टनच्या दफ्तरातून समजतं, आणि आम्ही म्हणतो एक इंच देणार नाही.

जानेवारी १९९१. आखाती युद्ध. अमेरिकी लष्करी मालवाहू विमानं मुंबईच्या सहार विमानतळावर इंधन भरून घेत होती. मद्रास आणि आग्र्यालाही. चंद्रशेखर पंतप्रधान, आणि त्यांचं सरकार राजीव गांधींच्या पाठिंब्याच्या टेकूवर. बोभाटा झाला, राजीव गांधींनी डोळे वटारले, फेब्रुवारीत इंधन बंद. आपल्या इतिहासात परकी लष्कराच्या वावरावर देशात खरोखर काही वाद झाला असेल तर तो हा. आणि तोसुद्धा निम्मा सरकार पाडापाडीचा होता.

मग २९ ऑगस्ट २०१६. तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी संरक्षणमंत्री ॲश्टन कार्टर यांच्याशेजारी बसून 'लेमोआ' जाहीर करतात. दोन्ही सैन्यांनी एकमेकांच्या ठिकाणी इंधन, अन्न, सुटे भाग, दुरुस्ती घ्यावी आणि पैसे चुकते करावेत. यात तळ देण्याचा काही संबंध नाही, असं पर्रीकरांनी स्पष्ट सांगितलं. ते खरंही आहे. मी कॉम्रेड नाही, दर डिझेलच्या पिंपात मला साम्राज्यवाद तरंगताना दिसत नाही. पण सेनापती, आठवतं का? अगालेगाबद्दल मॉरिशसवाले हेच म्हणाले तेव्हा तुम्ही मिशीत हसून काय म्हणाला होतात? असं सांगायचंच असतं! मग हे वाक्य फक्त समुद्रापलीकडे लागू पडतं, की सहारला उतरल्यावर जकात नाक्यावर काढून घेतात?

पर्रीकर गोव्याचे. जन्म म्हापशात, १३ डिसेंबर १९५५. त्याच महिन्याच्या २ तारखेला अमेरिकी परराष्ट्रमंत्री डलेस आणि पोर्तुगालचे कुन्या यांचं संयुक्त निवेदन निघालं होतं. त्यात गोव्याचा समावेश 'पोर्तुगीज प्रांतां'त केलेला. देशभर संताप उसळला. अमेरिकेला पोर्तुगालचा एवढा पुळका का? बरीच कारणं होती, त्यातलं एक अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवरचा हवाई तळ. दूर कुठल्या बेटावरच्या धावपट्टीपायी म्हापसा, मडगाव, पणजी पोर्तुगीज ठरत होते. ११ दिवसांनी त्या गोव्यात जन्मलेलं मूल साठ वर्षांनी पेंटॅगॉनच्या मंत्र्याशेजारी बसून सही जाहीर करतं, यात मला पर्रीकरांचा दोष दिसत नाही. इतिहासाला विनोदबुद्धी आहे, एवढंच.

करारानंतर काय झालं? सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकी नौदलाचं पी-८ विमान पोर्ट ब्लेअरला इंधनासाठी उतरलं. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या माझगाव डॉकने अमेरिकी नौदलाशी जहाजदुरुस्तीचा करार केला. चार पैसे मिळतील, काम मिळेल, चांगलंच. मधल्या एप्रिल २०२१ मध्ये जॉन पॉल जोन्स ही अमेरिकी विनाशिका लक्षद्वीपजवळ आपल्या आर्थिक क्षेत्रात न विचारता शिरली आणि वर जाहीर निवेदन काढून सांगितलं की हो, मुद्दाम न विचारता आलो. मित्र! सेनापतींनी तेव्हा कोणावर बहिष्कार घातला? कोणाचं बुकिंग रद्द केलं? त्या आठवड्यात चौकात आयपीएलची चर्चा होती.

आमचं जनमत तपासायची एकच खरी कसोटी आहे आणि ती मी एकदा घेऊन पाहिली. म्हटलं, समजा, समजाच, उद्या खानदेशात परक्या देशाची काही लष्करी सोय होणार. सेनापती कडाडले, प्रेतावरून जावं लागेल. म्हटलं, भूसंपादनाचा मोबदला बाजारभावाच्या चौपट. क्षणभर शांतता. मग पलीकडच्या बाकावरून, ज्यांची ओळख फक्त प्लॉटचे दलाल म्हणून आहे, ते गृहस्थ विचारते झाले, "बायपासच्या अलीकडे का पलीकडे?" कॉम्रेडांनी सिगारेट विझवली. सेनापतींनी घसा साफ करून सांगितलं की तत्त्वतः विरोध आहेच, पण आलाच तर नशिराबादच्या बाजूला यावा, तिकडे त्यांच्या मेहुण्याची पडीक जमीन आहे. सातबारा स्वच्छ आहे म्हणे.

आता ज्यांनी हे मत ढेकर म्हणून न देता मतपेटीत टाकलं त्यांच्याकडे बघा. फिलिपिन्सच्या सिनेटने १६ सप्टेंबर १९९१ ला अमेरिकी तळांचा नवा करार १२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला. एका मताने! पुढच्या वर्षाअखेरीस सुबिकमधून अमेरिकी नौदलाने गाशा गुंडाळला. २०१४ मध्ये मनिलाच्या सरकारने त्यांना दुसऱ्या दाराने पुन्हा आत घेतलं, ही गोष्ट वेगळी. पण निदान दार कुठे आहे हे तिथल्या लोकांना माहीत आहे. इक्वेडोरचे तेव्हाचे अध्यक्ष कोरेया अमेरिकेला म्हणाले होते, मांताचा तळ चालू ठेवतो, आम्हालाही मायामीत एक तळ द्या. याला म्हणतात सडेतोड! २००८ च्या त्यांच्या राज्यघटनेने परकीय तळांवर बंदी घातली, २००९ मध्ये अमेरिकी सैन्य मांता सोडून गेलं, आणि ती बंदी उठवायची का म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये सार्वमत घेतलं तेव्हा सुमारे ६० टक्के मतदारांनी नाही म्हटलं. देशात टोळ्यांचं रान माजलेलं असताना, सरकार सुरक्षेचा धाक दाखवत असताना. ओकिनावात मात्र २०१९ मध्ये ७२ टक्के लोकांनी हेनोकोच्या नव्या तळाला नकार दिला आणि टोकियोने भराव घालायचं काम चालूच ठेवलं. जपानच्या अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त जमीन, आणि देशातल्या अमेरिकी तळांच्या जागेपैकी सुमारे ७० टक्के तिच्या माथी. लोकशाहीतसुद्धा एखादा प्रांत थाळनेर होऊ शकतो तो असा.

आणि आपण? आपल्या राज्यघटनेनुसार परदेशाशी असा करार करायला संसदेची मंजुरी लागत नाही. मंत्रिमंडळाने ठरवलं, सही झाली, संपलं. लेमोआचा पूर्ण मजकूर सरकारने आजवर तुमच्या-माझ्यापुढे ठेवलेला नाही. आणि तो रशियाशी झालेला रसद-करार, कॉम्रेडांचा ऐतिहासिक संदर्भवाला? डिसेंबर २०२५ मध्ये त्याला मंजुरी दिली रशियाच्या संसदेने, तिथल्या दुमाने. होय, पुतीनच्या दुमाने! जिथे विरोधी मत म्हणजे दुर्मीळ पक्षी, तिथेही हात वर करायचा उपचार तरी झाला. जगातल्या सर्वांत मोठ्या लोकशाहीत तेवढाही नाही.

जनमत, जनमत म्हणून आपण जे मिरवतो त्याची ही खरी किंमत. आपल्याला कोणी विचारलेलं नाही, आणि न विचारल्याचं आपल्याला काही वाटलेलं नाही. सेनापतींना दुसऱ्याच्या बेटावरचा तिरंगा पुरतो, कॉम्रेडांना गोऱ्यांच्या नावाने शिमगा पुरतो, दलालांना बायपास पुरतो.

खानदेशाला लोकसभेत चार खासदार आहेत: जळगाव, रावेर, धुळे, नंदुरबार. लेखी प्रश्न विचारायला खासदाराला ना पक्षाची फोडाफोड करावी लागते ना उपोषण. मी अर्ज लिहून ठेवला आहे. दोन ओळींचा. अमेरिका आणि रशिया यांच्याशी झालेल्या लष्करी रसद-करारांचे पूर्ण मजकूर सभागृहाच्या पटलावर कधी ठेवणार, आणि असे करार यापुढे सहीपूर्वी संसदेत चर्चेला आणणार की नाही? सेनापतींपुढे ठेवला, तर म्हणाले चष्मा घरी राहिला. कॉम्रेड पक्षाला विचारून सांगणार आहेत. तुमचं तसं काही नसेल तर या आणि सही करा. नाव, पूर्ण पत्ता, वाचता येईल अशा अक्षरात. चारही मतदारसंघांसाठी वेगवेगळे कागद केले आहेत.